जुना लेथ, नवे आटे

पावसाळी मासेमारीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात यांत्रिक नौकांच्या डागडुजीचे असतात. नौकेचा पंखा शाफ्टवर बसतो. शाफ्टच्या टोकाला पाडलेल्या आट्यांवर आवळलेला नट त्याला धरून ठेवतो. हे आटे झिजले, तर पंखा भर समुद्रात निखळण्याचा धोका असतो. म्हणूनच नव्या शाफ्टवरील आटे नटाशी तंतोतंत जुळावे लागतात.

लेथवर आटे पाडण्याचे तत्त्व साधे आहे. शाफ्ट चकमध्ये फिरतो आणि लीड स्क्रू हत्याराला त्याच्या कडेने पुढे सरकवतो. या दोन गतींचे प्रमाण मधले गिअर ठरवतात. लीड स्क्रूवर इंचाला ४ आटे असतील आणि शाफ्टवर ८ हवे असतील, तर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत लीड स्क्रूची एकच फेरी व्हायला हवी. त्यासाठी स्पिंडलकडे ३० दात्यांचा, तर लीड स्क्रूवर ६० दात्यांचा गिअर चढवतात. जुन्या साध्या लेथवर ही अदलाबदल हातानेच करावी लागते.

खरी कसोटी मिलिमीटरच्या आट्यांची. मेट्रिक मापांचा कायदा भारतात १९५६ मध्ये झाला. त्याआधीच्या बहुतेक लेथचे लीड स्क्रू मात्र इंचांच्या मापाचे आहेत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या असल्याने तिचे काम लहान गिअरांत विभागता येत नाही. म्हणून अचूक मापासाठी १२७ दात्यांचा गिअर लागतो. वरच्याच लीड स्क्रूवर २ मिलिमीटर अंतराचे आटे पाडायचे, तर ४० आणि १२७ ही जोडी बसते. मात्र काम पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. लेथ उलटा फिरवूनच हत्यार मागे आणायचे. अन्यथा पुढचा काप पहिल्या खाचेत पडेलच, याची खात्री नसते.

गिअर लावण्यापूर्वी जुने आटे ओळखणेही तितकेच महत्त्वाचे. अर्धा इंच व्यासाच्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टवर इंचाला १२ आटे आणि ५५ अंशांचा कोन असतो. अमेरिकी पद्धतीच्या जाड आट्यांच्या बोल्टवर १३ आटे आणि ६० अंशांचा. एकाचा नट दुसऱ्यावर काही फेरे चढतो आणि अडकतो. पान्याने जोर लावला, तर दोन्हींचे आटे बिघडतात. त्यामुळे आधी पिच गेज लावून माप घ्यावे, मगच लेथ सुरू करावा.