शाळा सुटल्यानंतरचे मूल

शाळा सुटल्यापासून आईबाप घरी परतेपर्यंत मूल कोणाच्या स्वाधीन असावे, हा प्रश्न घरात आजी असेतोपर्यंत उद्भवत नसे. आतां तो उद्भवला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली होती, परंतु ती सहा वर्षांखालील मुलांपुरतीच. सातव्या वर्षी मूल आपणांस सांभाळण्याइतके शहाणे होते, असा आम्हां शिक्षकांचा तरी अनुभव नाही. इंग्लंडात २००६ च्या कायद्यान्वये आठ वर्षांखालील मुले मोबदला घेऊन दिवसातून दोन तासांहून अधिक काळ सांभाळणाऱ्यास सामान्यतः नोंदणी करावी लागते.

गेल्या वर्षी पुण्यास नातवासाठी असे एक घर पाहावयास आम्ही गेलो. बाई प्रेमळ, खाऊ ताजा. परंतु गच्चीचे दार सताड उघडे, आणि कोणत्या मुलास न्यावयास कोण येणार, याची कोठेही नोंद नाही. आम्ही नातवाचा हात धरून मुकाट्याने परतलो. बाईंच्या मायेविषयी आम्हांस शंका नव्हती. पण मायेने कठडा उंच होत नाही.

तेव्हां सुज्ञ पालकांनी शुल्क विचारण्यापूर्वी कठडा, कुलूप आणि ती नोंदवही पाहावी.