‘शिवणे’, ‘चेपणे’ आणि ‘नको’ : मुलांना आदराचा स्पर्श शिकविण्यामागील भाषाविचार

प्राथमिक शाळेतील मुलांना एकमेकांचे हात हलक्या हाताने चोळणे, अंग सैल सोडणे आणि दुसऱ्याच्या शरीराचा मान राखणे शिकवावे, हा विचार गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांत रुजला आहे. कॅनडातील सिल्वी एत्यू व स्वीडनमधील मिया एल्मसेटर यांनी २००० च्या सुमारास शाळांसाठी अशा मर्दनाचा एक क्रम बसविला. त्यात मुले अंगावरचे कपडे न काढता एकमेकांची पाठ, डोके व हात चोळतात; आरंभी अनुमती विचारतात आणि शेवटी आभार मानतात. हा क्रम मराठी शाळेत आणावयाचा झाल्यास प्रश्न केवळ हाताच्या कौशल्याचा राहत नाही. अनुमती कोणत्या शब्दांत विचारावयाची आणि नकार कोणत्या शब्दांत द्यावयाचा, हा भाषेचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात वेरूळचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून त्याचा विचार केला आहे.

वेरूळ निवडण्यास कारण आहे. तेथील मुलांच्या रोजच्या पाहण्यात असलेल्या शिल्पांत स्पर्शाचे दोन परंपरागत प्रकार आढळतात. दशावतार लेण्यात (क्रमांक १५) शेषशायी विष्णूचे पाय लक्ष्मी चेपीत आहे, तर धुमार लेण्यात (क्रमांक २९) शिव-पार्वतीच्या विवाहाचे शिल्प आहे. पहिला प्रकार पादसंवाहनाचा, दुसरा पाणिग्रहणाचा. पहिल्यात सेवा आहे, दुसऱ्यात स्वीकार आहे. परंतु ‘पादसंवाहन’ आणि ‘पाणिग्रहण’ हे समास पाहिले, तर त्यांत पाय आहे, हात आहे. ज्याचा तो पाय किंवा हात, ती व्यक्ती मात्र समासाबाहेर राहिली आहे.

हीच गोष्ट मराठी क्रियापदांच्या रचनेतही दिसून येते. मराठीत स्पर्शवाचक क्रियापदे विपुल आहेत: चोळणे, चेपणे, रगडणे, चुरणे, कुरवाळणे, गोंजारणे, थोपटणे. दाब किती, गती किती, तळहात की बोटे, एकदा की पुनःपुन्हा, असे सूक्ष्म भेद ती दाखवितात. पण ‘रामाने गोविंदाचे पाय चेपले’ या वाक्यात क्रियापद ‘पाय’ या शब्दाप्रमाणे चालते आणि गोविंद षष्ठीत जाऊन केवळ पायांचा धनी उरतो. त्याची इच्छा होती की नव्हती, हे सांगण्यास या वाक्यात जागा नाही. शिवाय ‘चेपणे’ या क्रियेला आपल्याकडे वयाची आणि अधिकाराची उतरंड चिकटलेली आहे. पाय चेपतो तो धाकटा. चेपून घेतो तो थोरला. संस्कृत नाटकातही हे दिसते. मृच्छकटिकातील संवाहक ही विद्या कला म्हणून शिकला, पण ती त्याच्या उपजीविकेचे, म्हणजे दुसऱ्याच्या चाकरीचे, साधन झाली. मुलांनी मुलांचे हात चोळावयाचे असतील, तर ही उतरंड प्रथम दूर केली पाहिजे. दोघांनी आळीपाळीने चोळावे आणि चोळून घ्यावे, हा नियम त्यासाठीच आवश्यक ठरतो.

‘शिवणे’ या क्रियापदाचा इतिहास याहून अवघड आहे. हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘स्पृश्’ धातूचे जे आदेश दिले आहेत, त्यांत ‘छिव’ हा एक आहे. मराठी ‘शिवणे’ त्याच कुळातील होय. ‘राम गोविंदाला शिवला’ असे आपण म्हणतो. येथे कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद शिवणाऱ्याप्रमाणे चालते. जणू क्रियेचा परिणाम शिवणाऱ्यालाच येऊन चिकटतो. मुलांच्या शिवणापाणीच्या खेळात हे क्रियापद निर्वेध आहे. विषामृताच्या खेळात तर एकाच्या स्पर्शाने गडी थिजतो आणि सवंगड्याच्या स्पर्शाने सुटतो. मोठ्यांच्या भाषेत मात्र ‘शिवाशिव’, ‘विटाळ’, ‘सोवळे-ओवळे’, मासिक पाळीसाठी वापरला जाणारा ‘कावळा शिवला’ हा प्रयोग, असा सारा परिवार या धातूभोवती जमला आहे.

वेरूळच्या वाटेवरच या परिवाराचा एक प्रसंग घडला आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह या भागात सहलीस आले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहणे हा त्या सहलीचा ठरलेला भाग होता. दौलताबाद किल्ल्याजवळच्या हौदातील पाण्याने मंडळींनी हातपाय-तोंड धुतले, तेव्हा पाणी बाटविल्याचा आरोप करून लोक त्यांच्यावर चालून आले. आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लेखनात हा वृत्तांत आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरविले. तथापि भाषेतील शब्द कायद्याने मागे घेता येत नाहीत. मराठवाड्यातील वर्गात ‘कोणी कोणाला शिवावे’ हा विषय काढणाऱ्या शिक्षकाने हे ओझे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता अनुमतीचा विचार करू. वर दाखविलेली उणीव भरून काढणारी रचना मराठी व्याकरणातच आहे. ‘मी तुझा हात चोळू का?’ हे प्रश्नार्थक रूप आणि ‘गोविंदाने रामाला आपला हात चोळू दिला’ ही ‘-ऊ देणे’ची रचना, या दोहोंनी चित्र पालटते. दुसऱ्या वाक्यात ज्याला स्पर्श झाला, तो गोविंद कर्ता आहे. चोळणारा राम चतुर्थीत आहे. स्पर्श ही एकाने दुसऱ्यावर करावयाची क्रिया न राहता दुसऱ्याने दिलेली मोकळीक ठरते. आदराचा स्पर्श शिकविणे म्हणजे, भाषेच्या दृष्टीने, ही दोन वाक्ये मुलांच्या तोंडी रुळविणे होय.

नकारासाठी मराठीजवळ ‘नको’ हा शब्द आहे. ‘नाही’ने वस्तुस्थितीचा निषेध होतो, ‘नको’ने इच्छेचा. हा भेद इतका उपयुक्त की या भागातील दखनी बोलीनेही ‘नक्को’ हा शब्द मराठीतून उचलला. लहान मूल तो फार लवकर शिकते. पण वडीलधाऱ्यांपुढे त्याचा ‘नको’ आपण अनेकदा मोडून काढतो. ‘मामाला पापी दे’ असा आग्रह करताना त्याच्या ‘नको’ला किंमत नाही, असेच आपण त्याला शिकवीत असतो.

येथे एक पेच उद्भवतो. मुलाच्या ‘नको’चा मान राखावयाचा, तर जातीपोटी आलेल्या ‘शिवू नको’चाही राखावयाचा काय? शब्द एकच आहे, पण त्याची सोबत निराळी आहे. ‘आज नको’, ‘जोरात नको’, ‘बोटे नकोत’ यांत नकार क्रियेला, वेळेला किंवा अवयवाला आहे. तो थोड्या वेळाने बदलू शकतो. ‘हा नको’, ‘ही नको’ यांत नकार व्यक्तीला आहे. अशा नकारानंतरही कोणाही मुलावर स्पर्शाची सक्ती करू नये. परंतु शिक्षकाने तो ऐकून सोडूनही देऊ नये. एकटे मूल एखाद्या व्यक्तीविषयी ‘हा नको’ म्हणत असेल, तर त्यामागे भीती असू शकते. त्याला एकांतात, विश्वासाने विचारले पाहिजे. उलट अनेक मुले एकाच मुलाला ‘ही नको’ म्हणत असतील, तर वर्गात शिवाशिव शिरली आहे, असे समजावे. जोड्या रोज बदलाव्यात आणि वगळल्या गेलेल्या मुलासमोर शिक्षकाने प्रथम आपला हात चोळावयास पुढे करावा.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. हात धुऊन मुलांनी आधी स्वतःचाच हात चोळावा, म्हणजे दाबाचा अंदाज येतो. मग जोडी समोरासमोर बसावी. ‘चोळू का?’ असे विचारावे. ‘हो’ आल्यावरच हात घ्यावा, आणि तोही ओढून न घेता समोरच्याने दिला म्हणजे. एका तळव्यावर तो तोलून धरावा. तो जड लागला, तर सैल सुटला आहे असे समजावे. मनगटापासून बोटांकडे आंगठ्याने हळूहळू जावे, एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत कुरवाळावे आणि शेवटी दोन्ही तळव्यांत हात क्षणभर धरून ठेवावा. ‘पुरे’ म्हणताच थांबावे. गती मंद असण्यास शारीर कारणही आहे. केसाळ त्वचेत असे काही मज्जातंतू असतात, की जे सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर गतीच्या मंद स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद वाटतो. म्हणून तळहातापेक्षा हाताच्या पाठीपासून व मनगटावरच्या भागापासून आरंभ करणे बरे. मराठीने ‘चोळणे’ आणि ‘कुरवाळणे’ यांत केलेला गतीचा भेद येथे उपयोगी पडतो.

शब्दांच्या या चिकित्सेला व्यवहारात किती वजन असते, हे २०२१ साली दिसून आले. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या कायद्याच्या ७ व्या कलमातील स्पर्शविषयक शब्दांचा अर्थ, त्वचेला त्वचा लागलीच पाहिजे असा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत केला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर रोजी तो रद्द ठरविला आणि निर्णायक गोष्ट त्वचेचा संपर्क नसून लैंगिक हेतू आहे, असे स्पष्ट केले. एका शब्दाच्या संकुचित अर्थाने एका बालकाचे संरक्षण टांगणीला लागले होते.

या विषयात भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. वेरूळ, खुलताबाद व कन्नड या परिसरांतील मराठी, दखनी आणि बंजारा घरांतून स्पर्शवाचक क्रियापदे जमवावीत. प्रत्येकाबरोबर कोण कोणाला स्पर्श करतो, कर्त्याला कोणती विभक्ती लागते, ‘-ऊ देणे’ची रचना मुले कोणत्या वयात वापरू लागतात आणि ‘नको’च्या आधी कोणते शब्द येतात, याची नोंद करावी. अशी नोंद हाती असल्यास शिक्षकाला परक्या भाषेतून उतरविलेली वाक्ये मुलांकडून पाठ करून घ्यावी लागणार नाहीत. अनुमती आणि नकार मुलांच्या घरच्या बोलीतच शिकविता येतील, आणि घरच्या बोलीत शिकलेला ‘नको’ मूल घरीही उच्चारू शकेल.