फ्लूची लाट थोपवायची रुग्णालयाच्या दारात

भारतात फ्लूचा जोर वर्षातून दोनदा वाढतो : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या अखेरीस. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात पहिली लाट कडाक्याच्या थंडीत येते. गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९४६) संलग्न जयारोग्य रुग्णालयावर शहरासह आसपासच्या जिल्ह्यांचाही भार असतो.

अशा वेळी प्रश्न केवळ खाटांचा नसतो. तापाच्या रांगेत हृदयविकाराचा रुग्ण ताटकळतो. खोकणाऱ्यांशेजारी बसलेल्या गर्भवतीला संसर्गाचा धोका संभवतो. म्हणून रुग्णांची निवड आपत्कालीन विभागाच्या दारातच व्हावी लागते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एच१एन१ साथीसाठी ठरविलेली वर्गवारी येथे उपयोगी पडते. सौम्य लक्षणांच्या ‘अ’ गटाला चाचणीविना घरीच विश्रांती पुरते. वृद्ध, गर्भवती, मधुमेही अशा जोखमीच्या ‘ब’ गटाला ऑसेल्टामिविर देऊन घरीच विलगीकरणात ठेवता येते. धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे अशी लक्षणे असलेल्या ‘क’ गटाला तत्काळ दाखल करावे लागते. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. रांगेत गेलेला वेळ म्हणूनच महाग पडतो.

लसीचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे परिचारिका व डॉक्टरांचे लसीकरण, तापाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र वाट आणि औषधसाठा यांची सिद्धता थंडीपूर्वीच हवी.