थोड्याशा श्रमाने धाप का लागते?

निपाणीचे नाव विडीच्या तंबाखूमुळे दूरवर पोहोचलेले आहे. तंबाखू चाळण्याचे व निवडण्याचे काम येथील वखारींत प्रामुख्याने स्त्रिया करीत आल्या. अशा परिसरात पाण्याची घागर उचलताना किंवा चार पायऱ्या चढताना धाप लागली, की तो धुळीचा दमाच, अशी समजूत सहज होते. परंतु प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे.

श्रम करताना शरीरास अधिक प्राणवायू लागतो. फुप्फुसे तो हवेतून घेतात, रक्त तो वाहून नेते आणि हृदय ते रक्त सर्वांगास पुरविते. यांपैकी कोणाचेही काम उणे पडले, तरी धाप लागते.

तंबाखूच्या सूक्ष्म धुळीने श्वासनलिकांचा दाह होतो. विडीचा व चुलीचा धूर त्यात भर घालतो. अनेक वर्षांनी नलिका कायमच्या अरुंद होतात आणि धाप हळूहळू वाढत जाते. खरा दमा मात्र येतो आणि ओसरतो. रात्री छातीत शिटीसारखा आवाज होतो. नाकावर बांधलेल्या पदराने जाड धूळ अडते, बारीक धूळ फारशी अडत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, ताप येऊ लागला वा वजन घटले, तर क्षयाची शंका घ्यावी. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते.

फुप्फुसे निरोगी असूनही धाप लागण्याचे स्त्रियांतील एक मोठे कारण म्हणजे रक्तक्षय. रक्तातील हिमोग्लोबिन स्त्रियांत 12 ग्रॅमपेक्षा व गरोदरपणी 11 ग्रॅमपेक्षा कमी असू नये. येथे दम्याचे औषध निरुपयोगी. लोहाच्या गोळ्या हव्यात, आणि त्याही चहासोबत नव्हेत, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही.

हृदयाचे दुखणे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. बालपणी घसा सुजून पुढे ताप व सांधेदुखी झाली असेल, तर हृदयाची झडप आकसलेली असू शकते. गरोदरपणी रक्ताचे प्रमाण वाढते, तेव्हा हा दोष प्रथमच धापेच्या रूपाने प्रकट होतो. मग त्यास अशक्तपणा म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते. मधुमेही व्यक्तीस हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तरी छातीत न दुखता केवळ धाप लागू शकते. आडवे होताच श्वास कोंडणे आणि पायांवर सूज येणे या खुणा हृदयाकडे बोट दाखवितात.

दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी क्षणिक बरे वाटते, परंतु मूळ आजार झाकला जातो व मधुमेहही बळावतो. डॉक्टरांना वय व लक्षणे सांगावीतच, शिवाय वखारीत किती वर्षे काम केले आणि घरात चूल आहे की गॅस, हेही सांगावे. रक्त, रक्तदाब, छातीचे क्ष-किरण चित्र, हृदयाचा आलेख आणि नळीत फुंकण्याची चाचणी यांवरून कारण बहुधा उलगडते.

बसल्या जागी धाप लागली, छाती दाटून आली किंवा ओठ निळसर पडले, तर तपासणीची तारीख पाहत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.