गाडी कुठे चालली आहे, हे डोळ्यांना कसं कळतं?

वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. अशा वेगात डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, याबद्दलचे काही समज जिवावर बेतणारे आहेत.

गैरसमज : समोर एखादी खूण असेल तरच दिशा कळते.

वस्तुस्थिती : सरळ पुढे जाताना सगळं दृश्य एका बिंदूपासून चहूकडे पसरत जातं. दुभाजक, कठडे, कपाशीची शेतं बाजूने मागे धावतात, तो बिंदू मात्र हलत नाही. आपण तिकडेच चाललेलो असतो. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी काम केलेल्या जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे १९५० मध्ये पुस्तकात मांडलं. पुढे १९८८ मध्ये वॉरेन आणि हॅनन यांनी पडद्यावर नुसते हलते ठिपके दाखवले. तेवढ्यावरून पाहणाऱ्यांनी एक-दोन अंशांच्या फरकाने दिशा ओळखली.

अर्थात मेंदू केवळ यावरच विसंबत नाही. नजर फिरली की डोळ्यांतलं चित्रही सरकतं. ते सरकणं मेंदूला वजा करावं लागतं. पायी जाताना तर समोरचं झाड आपल्या नाकासमोर आहे की नाही, हेही तो पाहतो.

गैरसमज : आपण हललो की नाही, हे शरीराला अचूक कळतं.

वस्तुस्थिती : वर्धा स्थानकावर शेजारच्या रुळावरची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखी वाटते. खिडकीभर दृश्य सरकलं की डोळे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर मात करतात.

गैरसमज : धडकणारं वाहन अंगावर येताना दिसतंच.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात घातक समज. देवळीकडच्या सपाट मुलखातला एखादा फाटा घ्या. तुम्ही फाट्यापासून २०० मीटरवर, आडव्या रस्त्यावरचा ट्रकही २०० मीटरवर, दोघांचा वेग ताशी ६०. बारा सेकंदांनी दोघेही फाट्यावर. पण तोवर ट्रक तुम्हाला सतत ४५ अंशांवरच दिसणार. काचेवरची त्याची जागा बदलत नाही, तो फक्त मोठा होत जातो, तोही आधी अगदी सावकाश. नजर हलत्या वस्तूकडे आधी वळते, त्यामुळे हा ‘स्थिर’ ट्रक निसटतो. काचेच्या कडेच्या खांबाआड तो आला, तर शेवटपर्यंत तिथेच दडून राहू शकतो.

गैरसमज : वेग अंदाजाने कळतो.

वस्तुस्थिती : बराच वेळ वेगात गेल्यावर डोळे त्या प्रवाहाला सरावतात आणि ताशी ७० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं.

म्हणून येळाकेळीला समृद्धीवरून उतरताना अंदाजावर जाऊ नका, काट्याकडे बघा. आणि फाट्यावर वेग कमी करून, मान पुढे-मागे करून खांबाआडचं आधी बघून घ्या.