जुन्या जीपगाडीचें स्टिअरिंग व इग्निशन : दोष शोधण्याचा क्रम

आपल्या शेतकरी बंधूंच्या वाड्यांत व गोठ्यांशेजारीं अजूनही ज्या जुन्या जीपगाड्या उभ्या दिसतात, त्यांचें मूळ विलीज जीपमध्यें आहे. १९४७ ते १९४९ या काळांत विलीज गाडीचे सुटे भाग मुंबईस आणून त्या जोडण्यास प्रारंभ झाला व पुढें महिंद्र कंपनीनें त्याच धर्तीच्या गाड्या येथें घडविल्या. बांधणी साधी असल्यामुळें खेड्यांतील मिस्त्रीसही त्या दुरुस्त करतां येतात. परंतु स्टिअरिंग सैल झालें कीं जो तो खोक्यावरील स्क्रू आवळतो आणि इंजिन सुरू होईना कीं नवी कॉइल विकत आणतो. दोष पुष्कळदां तिसरीकडेच असतो. इग्निशनच्या बाबतींत यामुळें केवळ पैसा जातो. स्टिअरिंगच्या बाबतींत जीव धोक्यांत येतो. म्हणून दोष कोणत्या क्रमानें शोधावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

मुख्य तत्त्व एकच आहे. स्टिअरिंगमध्यें हालचाल एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाते. इग्निशनमध्यें वीज तशीच जाते. ज्या जागीं ती शिरते पण जेथून पुढें पोंचत नाहीं, ती जागा दोषी. पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचलें नाहीं तर आपण विहीर खोल करीत नाहीं. पाटाच्या कडेनें चालत जाऊन फुटलेली जागा शोधतों. येथेंही तसेंच करावें.

स्टिअरिंग

गाडी सपाट जागीं, इंजिन बंद करून, पुढचीं चाकें सरळ ठेवून उभी करावी. टायरांतील हवा आधीं पाहावी, कारण एका टायरांत हवा कमी असली तरीही गाडी एका बाजूस ओढते. मग एका माणसास आंत बसवून स्टिअरिंगचें चाक थोडेंथोडें डावीउजवीकडे हालवावयास सांगावें व आपण पुढून पाहावें. विलीज धर्तीच्या जीपमध्यें खोक्यांतून निघालेला आर्म ड्रॅग लिंकला हालवितो, ती मधोमध असलेल्या बेलक्रँकला फिरविते, आणि बेलक्रँक टायरॉडांच्या द्वारें चाकें वळविते. प्रत्येक सांध्यावर क्रमानें बोट ठेवावें. सैल सांध्याचे दोन भाग एकत्र न हालतां मागेंपुढें हालतात, हें बोटास तत्काळ कळतें. बेलक्रँकची पिन व तिचे बेअरिंग येथेंच झीज फार आढळते.

यानंतर पुढचें चाक जॅकनें उचलावें, परंतु जॅकवर विश्वासून गाडीखालीं शिरूं नये. भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. चाक वर व खालीं धरून हालविलें असतां तें डुलल्यास चाकाचें बेअरिंग किंवा किंगपिन पाहावी.

हें सर्व निर्दोष ठरल्यावरच खोक्याकडे वळावें. स्टिअरिंगचें चाक नळीच्या दिशेनें वरखालीं ओढतां येत असेल, तर नळीच्या तळाशीं असलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या कमी करून तो सैलपणा काढतात. बाजूचा स्क्रू त्यानंतर, आणि तोही पुढचीं चाकें अगदीं सरळ असतांनाच आवळावा. खोक्यांतील आट्याची खांच मध्यभागीं मुद्दाम अधिक घट्ट ठेवलेली असते. चाकें वळलेलीं असतांना स्क्रू आवळल्यास सरळ रस्त्यावर येतांच स्टिअरिंग जखडूं लागतें. घाटांत याचा अर्थ काय, हें सांगणें नको. खोक्यांत गिअर ऑइल घालावें, ग्रीस भरूं नये. ग्रीस एकदां बाजूस सरलें कीं परत आट्यावर येत नाहीं.

नळी उघडावयाची असल्यास बॅटरीची तार आधीं काढावी, कारण हॉर्नची तार नळींतूनच जाते. स्टिअरिंगचें चाक काढण्यापूर्वीं त्यावर व दांड्यावर खूण करावी व चाक पुलरनें काढावें. हातोडा मारूं नये. सांध्यांच्या नटांतील जुन्या स्प्लिट पिना पुन्हां वापरूं नयेत. दोन रुपये वांचविण्याची ही जागा नव्हे.

इग्निशन

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, दाबानें तापलेल्या हवेंत तेल पेटतें. म्हणून पुढील मजकूर पेट्रोल गाडीपुरताच समजावा. बॅटरीचीं टोकें घासून घट्ट करावीं. नंतर एक लहान बल्ब तारेस जोडून, त्याची एक तार गाडीच्या उघड्या लोखंडास लावून दुसरीनें क्रमानें तपासावें : किल्लीच्या स्वीचपाशीं येणारी वीज, स्वीचमधून बाहेर पडणारी, आणि कॉइलवर पोंचणारी. बल्ब जेथें पेटेनासा होईल, त्याच्या अलीकडच्या भागांत दोष आहे.

कॉइलपर्यंत वीज येत असल्यास डिस्ट्रिब्युटर उघडावा. चार सिलिंडरांच्या विलीज इंजिनास पॉइंटांतील अंतर ०.०२० इंच (सुमारें अर्धा मिलिमीटर) व प्लगांतील अंतर ०.०३० इंच ठेवतात. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. पॉइंटांतील अंतर बदललें कीं टायमिंगही बदलतें, म्हणून तें पुन्हां पाहावें. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलून पाहावा.

स्वीच बिघडला म्हणून बॅटरीपासून कॉइलपर्यंत सरळ तार जोडण्याची संवय बरी नाहीं. अशी तार सोडवावयास विसरल्यास व इंजिन पॉइंट मिटलेल्या स्थितींत थांबल्यास कॉइल तापून जळते व बॅटरीही उतरते. तसेंच, किल्लीस वाड्याच्या व कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवूं नये. त्याच्या ओझ्यानें स्वीच झिजतो. ज्या मोटारींत किल्लीचें कुलूप स्टिअरिंगच्या नळीवर असून त्यास चाक जखडणारा खिळा असतो, तेथें उतारावर किल्ली कधींही बंद करूं नये.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. स्टिअरिंगचा दोष त्या दिवशीं उघडा पडण्यापेक्षां आधींच कळलेला बरा.

शेवटीं एक सूचना. गाडींत लहानशी वही ठेवून कोणता भाग कोणत्या तारखेस बदलला व त्यास किती खर्च आला, हें लिहीत जावें. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास वहीवांचून चैन पडत नाहीं, हें खरें. परंतु एकच भाग वर्षांत दोनदां बदलावा लागला तर मूळ दोष दुसरीकडे आहे, हें वहीच सांगते. सुगीचा माल भरून गाडी बाजारास निघण्यापूर्वीं एक सकाळ या पाहणीस द्यावी.