फिट नसताना फिटची गोळी

सुरतेत तापी ओलांडून उत्तरेला गेलं की कोसाड. माझी धाकटी मावसबहीण लग्न होऊन तिथे गेली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया. गेल्या वर्षी मेच्या सुटीत मी तिच्याकडे होते. मुंबईत मज्जारोपण ठरलेलं, दाता त्याची थोरली बहीण. औषधांची यादी वाचता वाचता घरात एकदम शांतता पसरली. यादीत फिटचं औषध होतं!

मावशी बेळगावहून मदतीला आलेली. ती कानडीतच म्हणाली, "फिट्स इल्ल अंद्र गुळिगी याक?" फिटच नाही तर गोळी कशाला? आपल्याकडे हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, पुढे लग्नाच्या वेळी आडवा येतो म्हणून. "अक्का, नाहीच दिली तर?" बहिणीनं मला हळूच विचारलं.

मुंबईला मी सोबत गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. नवी मज्जा रुजवण्याआधी जुनी रिकामी करावी लागते. त्यासाठी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध मोठ्या मात्रेत देतात. ते रक्तातून मेंदूतही शिरतं, म्हणून कधीच फिट न आलेल्या मुलालाही त्या दिवसांत झटका येऊ शकतो. प्रतिबंधक औषध बुसल्फानच्या आधी साधारण बारा तास सुरू होतं आणि शेवटच्या डोसनंतर निदान एक दिवस चालतं. मग बंद. हा मिरगीचा उपचार नव्हेच.

पूर्वी यासाठी फेनिटॉइन देत. फिटवर ते १९३८ पासून वापरात आहे. पण ते यकृताचं काम वाढवतं, बुसल्फान शरीरातून लवकर निघून जातं आणि रोपण रुजण्यात अडचण येऊ शकते. लेव्हेटिरॅसिटॅम मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातं, बुसल्फानच्या वाटेत येत नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तेच देतात. पॅरासिटामॉलचं उलटं. त्यानं बुसल्फान अंगात जास्त वेळ राहू शकतं. ताप आला म्हणून पर्समधली गोळी द्यायची नाही, आधी विचारायचं. (आमच्या मावशीची पर्स म्हणजे औषधांचं दुकानच!) गोळी उलटून पडली तर तेही लगेच नर्सला सांगायचं.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातलं पहिलं मज्जारोपण केलं. एवढी वर्षं झाली, तरी घरोघरी हे प्रश्न नवेच असतात.

चार दिवस बुसल्फान चाललं. झटका आला नाही. भाचा मात्र भयंकर चिडचिडा झाला, ताट भिरकावलं. बहिणीनं नर्सला सांगितलं. या औषधानं असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांना कळवलं.

मावशीचा कोसाडहून रोज फोन. मज्जा रुजली का, हे तिनं नंतर विचारलं. आधी, "ती गोळी बंद झाली ना?"